नाशिकची कंपनी टेक्सासमध्ये नोंदवताना मालकांचा अहवाल कोणी भरायचा?

सप्रेम नमस्कार,

तुम्ही लिहिले आहे ते थोडक्यात असे. अंबड औद्योगिक वसाहतीत तुमची व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. तिचे ४५ टक्के समभाग तुमच्याकडे, ४० टक्के थोरल्या भावाकडे आणि १५ टक्के तुमच्या पत्नीकडे आहेत. पुढील वर्षी सहकुटुंब ह्यूस्टनला येऊन तेथे कंपनीचे कार्यालय सुरू करण्याचा तुमचा विचार आहे. आणि एका सल्लागाराने तुम्हाला सांगितले आहे की, मालक परदेशी असले म्हणजे अमेरिकेतील कोणत्याही लहान कंपनीला तेथील केंद्र सरकारच्या फिनसेन या कार्यालयाकडे लाभार्थी मालकांचा, म्हणजे कंपनीमागच्या खऱ्या माणसांचा, अहवाल भरावाच लागतो आणि त्याचे सरकारी शुल्कही असते. यातील पहिले विधान आजच्या नियमानुसार चुकीचे आहे, आणि दुसरे तर कधीच खरे नव्हते. हा अहवाल फिनसेनच्या संकेतस्थळावर विनाशुल्क भरता येतो.

सल्लागाराचा गोंधळ कोठून आला हे समजण्यासाठी मागील इतिहास थोडा पाहावा लागेल. कॉर्पोरेट ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्ट हा कायदा १ जानेवारी २०२१ रोजी संमत झाला. निनावी कंपन्यांच्या आडून काळा पैसा फिरवणाऱ्यांना चाप बसावा हा त्याचा हेतू होता, आणि अर्थखात्याच्या अखत्यारीतील फिनसेनने केलेला त्याचा नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्या वेळी मालक अमेरिकी असो वा परदेशी, जवळपास प्रत्येक लहान कंपनी त्यात येत होती. फिनसेनचा स्वतःचाच अंदाज ३ कोटी २० लाखांहून अधिक कंपन्यांचा होता. पुढे न्यायालयीन लढाया सुरू झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने देशभर स्थगिती दिली, ती उठली, पुन्हा लागली, जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला, आणि मुदतीच्या तारखा इतक्या वेळा हलल्या की इथल्या चांगल्या सीपीएंनाही (अमेरिकेतील सनदी लेखापालांनाही) त्या पाठ राहिल्या नाहीत. अखेर अर्थखात्याने मार्च २०२५ मध्ये अंतरिम नियम काढून सारा पटच बदलला. तो २६ मार्च २०२५ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत स्थापन झालेल्या सर्व कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या, त्यांचे मालक कोणत्याही देशाचे असोत. बंधन उरले ते केवळ परदेशी कायद्याखाली स्थापन झालेल्या आणि अमेरिकेतील एखाद्या राज्यात व्यवसायासाठी नोंदणी केलेल्या कंपन्यांवर.

म्हणून तुमच्या प्रकरणात पहिला प्रश्न मालक कोण हा नसून कंपनीचा जन्म कोठे झाला हा आहे. तुमची नाशिकची कंपनी भारतीय कंपनी कायद्याखाली स्थापन झालेली आहे. तिनेच टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या राज्य कार्यालयाकडे, बाहेरची कंपनी म्हणून नोंदणीचा अर्ज केला, तर ती या नियमात येते. तिने टेक्सासमध्ये किंवा डेलावेअरमध्ये नवी उपकंपनी काढली, तर त्या उपकंपनीचे शंभर टक्के समभाग नाशिकला असले तरी ती अमेरिकी कंपनी ठरते आणि फिनसेनचा अहवाल तिला लागू होत नाही. डेलावेअरची कंपनी टेक्सासमध्ये नोंदवताना टेक्सासचा अर्जही तिला बाहेरचीच म्हणतो, परंतु ते राज्याराज्यांमधील नाते आहे. फिनसेनच्या दृष्टीने ती देशातीलच राहते. आणि नाशिकहून माल पाठवून ह्यूस्टनच्या ग्राहकाला विकणे एवढेच तुम्ही करत असाल व कोणत्याही राज्यात नोंदणी केली नसेल, तर या नियमाचा तुमच्याशी संबंधच येत नाही.

आता समजा, तुम्ही पहिला मार्ग निवडला. राज्यातील नोंदणी झाल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत अहवाल गेला पाहिजे. येथे कामांचा क्रम नीट लक्षात घ्या. तुम्ही एल-१ए व्हिसावर (परदेशी कंपनीच्या व्यवस्थापकाला तिच्या अमेरिकेतील कार्यालयात बदलीवर येण्यासाठी मिळणारा व्हिसा) नवे कार्यालय उघडण्यासाठी येणार असाल, तर व्हिसाच्या अर्जासोबत अमेरिकेत व्यवसायाची नोंदणी आणि जागेची व्यवस्था झाल्याचे पुरावे दाखवावे लागतात. म्हणजे नोंदणी आधी होते आणि तुम्ही नंतर येता. ते ३० दिवस सुरू होतील तेव्हा तुम्ही तिघेही नाशिकमध्येच असाल. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण नव्या नियमात अमेरिकी व्यक्ती असलेल्या मालकांची माहिती द्यावी लागत नाही, आणि आपण तेथे राहायला जाणार म्हणजे आपण त्यातून सुटलो असा समज पुष्कळांचा होतो. अमेरिकी व्यक्ती कोण हे करकायद्याच्या व्याख्येवरून ठरते: नागरिक, ग्रीन कार्डधारक, किंवा दिवसांच्या मोजणीने कररहिवासी ठरलेला माणूस. या मोजणीत चालू वर्षी किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, त्याआधीच्या वर्षाचे एकतृतीयांश व त्याही आधीच्या वर्षाचे एकषष्ठांश मिळून १८३ दिवस भरावे लागतात. एल-१ वरच्या माणसाचे दिवस त्यात धरले जातात, त्यामुळे तुम्ही कालांतराने या व्याख्येत बसाल. परंतु अहवालाच्या तारखेला बसत नसाल, तर तुमचे नाव द्यावेच लागेल.

नावे कोणाची द्यायची? कसोट्या दोन आहेत, आणि त्यांपैकी एक लागू झाली तरी पुरते: किमान २५ टक्के मालकी, किंवा कंपनीवर ठोस नियंत्रण. तुम्ही आणि तुमचे थोरले बंधू मालकीच्या कसोटीवरच येता. पत्नीचे १५ टक्के त्या कसोटीला पुरत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत दुसरी कसोटी पाहायची. केवळ संचालक मंडळावर नाव असल्यामुळे कोणी आपोआप लाभार्थी मालक ठरत नाही. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांत पत्नीचे नाव संचालक म्हणून असते आणि कामाशी त्यांचा संबंध सहीपुरता असतो. तसे असेल तर त्यांचे नाव देण्याचे कारण नाही. मात्र त्या प्रत्यक्ष वित्तव्यवहार सांभाळत असतील, कर्ज घ्यावे की नाही, मोठे यंत्र घ्यावे की नाही असे निर्णय त्यांच्या हातात असतील, तर पदाचे नाव काहीही असो, त्यांचाही समावेश करा. भारतीय कंपनी कायद्याच्या कलम ९० खाली असलेला १० टक्क्यांचा उंबरठा तुमच्या सीएंच्या डोक्यात असेल. तो येथे लावू नये.

प्रत्येक लाभार्थी मालकाचे पूर्ण कायदेशीर नाव, जन्मतारीख, राहता पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि त्या ओळखपत्राचे छायाचित्र द्यावे लागते. अमेरिकी ओळखपत्र नसलेल्याला परदेशी पासपोर्ट चालतो, पण तो मुदतीतला हवा. आधार किंवा पॅन येथे ओळखपत्र म्हणून उपयोगाचे नाही; पॅनचा उपयोग वेगळा आहे, कंपनीला अजून अमेरिकी करक्रमांक मिळालेला नसेल तर तिचा भारतीय करक्रमांक आणि देशाचे नाव देता येते. नावाच्या बाबतीत मराठी माणसांची अडचण नेहमीची आहे. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव मधल्या जागी असते, समभागांच्या नोंदवहीत केवळ आद्याक्षरे असतात, आणि बँकेत आडनावाचे इंग्रजी वर्ण आणखी तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले असतात. अहवालात पासपोर्टवर आहे तसेच, अक्षर न बदलता नाव लिहा, आणि नोंदवही व बँकेतील नावे नोंदणीच्या आधीच त्याच्याशी जुळवून घ्या. कारण फिनसेनने हरकत घेतली नाही, तरी ह्यूस्टनची बँक घेईल.

बंधूंना पासपोर्टची प्रत सल्लागाराच्या हाती द्यायला संकोच वाटत असेल, तर त्यांनी फिनसेनकडून स्वतःचा ओळख क्रमांक घ्यावा. तो विनाशुल्क आहे. मग कंपनीच्या अहवालात त्यांच्या तपशिलाऐवजी तो क्रमांक देता येतो, आणि पुढे पत्ता किंवा पासपोर्ट बदलला तर त्याची नोंद त्यांनी स्वतः करायची असते. अन्यथा दिलेल्या माहितीतील कोणताही बदल कंपनीने ३० दिवसांत कळवायचा असतो. तुम्ही नाशिकहून ह्यूस्टनला राहायला याल, तेव्हा तुमचा राहता पत्ता बदलेलच. त्या वेळी आपण करकायद्याने अमेरिकी व्यक्ती झालो आहोत की नाही याचा काथ्याकूट करण्यापेक्षा बदल कळवून टाकावा, असे माझे मत आहे. अर्ध्या तासाचे काम आहे. जाणूनबुजून अहवाल न भरल्यास किंवा खोटी माहिती दिल्यास मूळ कायद्यात दिवसाला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, जो महागाईप्रमाणे वाढत जातो, शिवाय फौजदारी खटल्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिक चूक राहिली असेल, तर ती अहवाल भरल्यापासून ९० दिवसांत स्वतःहून दुरुस्त करणाऱ्याला संरक्षण आहे.

ही माहिती सार्वजनिक नसते. अमेरिकेतील तपास यंत्रणा ती कायद्याने पाहू शकतात, करप्रशासनासाठीही ती वापरता येते, आणि परदेशी यंत्रणेला हवी असल्यास तिने अमेरिकी केंद्रीय यंत्रणेमार्फत मागायची असते. भारतात सर्व व्यवहार कागदोपत्री स्वच्छ असलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखे काही दिसत नाही.

दोन मार्गांपैकी कोणता घ्यावा, हे तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण अहवाल टाळता येतो म्हणून उपकंपनी काढायची असा तुमच्या पत्राचा सूर आहे, म्हणून लिहितो. उपकंपनी काढावी असे मलाही वाटते, परंतु कारणे वेगळी आहेत. नाशिकचीच कंपनी टेक्सासमध्ये नोंदवली, तर ह्यूस्टनमधील एखाद्या सदोष व्हॉल्व्हच्या दाव्याची झळ थेट अंबडच्या कारखान्यापर्यंत पोहोचू शकते. शिवाय त्या कंपनीला अमेरिकेत ११२०-एफ हे परदेशी कंपन्यांचे कर विवरणपत्र भरावे लागते आणि कंपनीकराच्या वर शाखेच्या नफ्यावरील वेगळा कर लागू होतो. उपकंपनी असेल, तर ती आपल्या नफ्यावर २१ टक्के केंद्रीय कंपनीकर भरते, आणि नाशिकला लाभांश पाठवताना भारत-अमेरिका करारानुसार साधारणतः १५ टक्के कर कापला जातो. एल-१ए व्हिसासाठी शाखा आणि उपकंपनी, दोन्ही चालतात.

मात्र उपकंपनी काढताना, स्वस्त आणि सोपी म्हणून नाशिकच्या कंपनीच्या एकटीच्या मालकीची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढू नका. वेगळा पर्याय निवडला नाही, तर करकायदा अशा एलएलसीला अस्तित्वातच नसल्यासारखी धरतो, आणि दायित्वाचे संरक्षण मिळाले तरी कराच्या बाबतीत तुम्ही पुन्हा शाखेच्याच जागी येता. तुमच्यासाठी कॉर्पोरेशन योग्य. तिच्या विवरणपत्राला फॉर्म ५४७२ जोडावा लागतो, ज्यात नाशिकच्या कंपनीशी झालेला प्रत्येक व्यवहार, म्हणजे मालाची खरेदी, कर्ज, व्याज, सेवांचे पैसे, दाखवायचा असतो. तो वेळेत न भरल्यास २५,००० डॉलर दंड आहे. मालकांच्या अहवालावर इतकी चर्चा होते आणि या फॉर्मचे नाव कोणी काढत नाही, याचे मला कायम आश्चर्य वाटते; परदेशी मालकीच्या लहान कंपन्यांना प्रत्यक्षात महागात पडतो तो हाच.

भारताच्या बाजूने, उपकंपनीत पैसे पाठवण्याआधी तुमच्या बँकेत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा विशिष्ट क्रमांक घ्यावा लागेल, आणि त्यानंतर दर वर्षी वार्षिक कामगिरी अहवाल द्यावा लागेल. हे काम नाशिकच्या सीएंना नवे नसावे.

ह्यूस्टनमध्ये खाते उघडताना बँक तुम्हाला लाभार्थी मालकांची नावे विचारेल, तेव्हा उपकंपनीला सूट आहे असे सांगून वाद घालू नका. बँकांवर ते बंधन मे २०१८ पासून वेगळ्या नियमाने आहे. २५ टक्के मालकी असणारे आणि नियंत्रण असणारी एक व्यक्ती त्यांना नोंदवावी लागते. मधल्या कंपनीचे नाव देऊन भागत नाही, नाशिकच्या कंपनीमागची माणसे सांगावी लागतात. तेव्हा वर सांगितलेली कागदपत्रे दोन्ही मार्गांत लागतील.

आणखी एक सावधगिरी. राज्यात कंपनीची नोंदणी झाली की तिचे नाव व पत्ता सर्वांना दिसतो, आणि काही दिवसांतच सरकारी शिक्क्यासारखे दिसणारे चिन्ह छापलेली पत्रे येऊ लागतात. फॉर्म ४०२२ किंवा फॉर्म ५१०२ भरा आणि सोबत पैसे पाठवा, अशी मागणी करणाऱ्या पत्रांविषयी फिनसेनने स्वतः इशारा दिलेला आहे. असे फॉर्म त्या कार्यालयाचे नाहीतच.

शेवटी, २०२५ चा नियम अंतरिम म्हणून काढलेला आहे आणि मूळ कायदा अजून जसाच्या तसा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो कायदा घटनेला धरून असल्याचा निर्णयही दिला आहे. त्यामुळे आज वगळलेल्या अमेरिकी कंपन्या पुन्हा आत ओढल्या जाणे कायद्याने अशक्य नाही. उपकंपनीची नोंदणी कराल त्या आठवड्यात फिनसेनचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा, आणि सूट असल्याचे त्या दिवशीचे पान छापून कंपनीच्या फायलीत लावून ठेवा.

आपला,
ह्यूस्टनकर