बेळगावातलं चेन हॉटेल: पाटी कंपनीची, खोली त्या इमारतीची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात बेळगावात लग्न, सोबत सत्तरीतले आई-वडील, मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पहाटे पोचणार. थ्री स्टार चेन हॉटेलच्या दोन खोल्या साईटवर बघून ठेवल्यात, पण निम्मे रिव्ह्यू ‘उत्तम’ म्हणतात आणि निम्मे ‘परत पाऊल टाकणार नाही’. कोणाचं खरं मानायचं?

दोघांचंही खरं असतं. मधल्या दरातल्या बहुतेक चेन हॉटेलांत इमारत स्थानिक मालकाची असते. नाव, बुकिंगची यंत्रणा आणि नियमावली कंपनीची. त्यामुळे गादी, चादरी, नाश्त्याचा ठरलेला दर्जा हे सगळीकडे साधारण सारखं मिळतं. ओल, आवाज, पाणी आणि लिफ्ट मात्र त्या इमारतीच्या नशिबानं. एकाच हॉटेलात चौथ्या मजल्यावरची मागची खोली शांत असते आणि दुसऱ्या मजल्यावर हॉलच्या डोक्यावरची खोली असह्य. म्हणून रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका. ताज्यापासून सुरुवात करा आणि एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांनी केलीय का ते बघा. ‘स्टाफ चांगला नाही’ यावरून काही कळत नाही. ‘सकाळी सातला गरम पाणी नव्हतं’ हे तीन जणांनी लिहिलं असेल तर ते गांभीर्यानं घ्या.

पहिली अडचण तुमच्या पोचण्याच्या वेळेची. चेक-इन सहसा दुपारी दोनचं असतं आणि तुम्ही सहाला दारात. लग्नसराईत आदल्या रात्रीचे पाहुणे अकरा-बारापर्यंत हलत नाहीत, तेव्हा ‘लवकर मिळाली तर बघू’ यावर म्हाताऱ्या माणसांना लॉबीत बसवून ठेवू नका. सरळ आदल्या रात्रीपासून खोली घ्या. पण इथेच मोठा घोटाळा होतो. हॉटेलात मध्यरात्रीनंतर दिवसाचा हिशोब बंद करतात आणि त्या वेळेपर्यंत न आलेला पाहुणा ‘नो-शो’ म्हणून नोंदला जातो. तसं झालं की कधीकधी पुढच्या रात्रींसकट सगळं बुकिंग रद्द होतं आणि खोली दुसऱ्याला जाते. म्हणून साईटच्या ‘स्पेशल रिक्वेस्ट’च्या रकान्यावर भिस्त ठेवू नका. हॉटेलच्या ईमेलवर लिहा: ‘अमुक तारखेची रात्र धरून बुकिंग आहे, प्रत्यक्ष आगमन दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता, नो-शो करू नये.’ उत्तर आलं की मोबाईलमध्ये जपून ठेवा.

ईमेलनंतर एक फोन आदल्या संध्याकाळी, थेट हॉटेलच्या रिसेप्शनला. कंपनीच्या कॉल सेंटरला नको, कारण तिथल्या माणसाला इमारत माहीत नसते. कोणाला कुठली खोली हे साधारण आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी ठरतं, म्हणून मागण्या तेव्हाच सांगायच्या. बेळगावात यातली बरीच हॉटेलं लग्नाच्या हॉलवर चालतात. हॉलच्या लगेच वरचा मजला टाळा. रात्री लाऊडस्पीकर बंद झाला तरी त्यानंतर भांडी, खुर्च्या आणि स्टेजच्या लोखंडाची आदळआपट सुरू होते. लिफ्टशेजारची, हाऊसकीपिंगच्या पँट्रीजवळची आणि जनरेटरच्या बाजूची खोलीही नको. दोन खोल्यांच्या मधलं दार असलेली ‘कनेक्टिंग’ जोडी तुमच्या कुटुंबालाच मिळत असेल तर उत्तम. अनोळखी माणूस पलीकडे असेल तर दाराखालच्या फटीतून त्याचा टीव्ही रात्रभर ऐकावा लागतो. हायवेच्या कडेचं हॉटेल असेल तर मागच्या बाजूची खोली मागा. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे ट्रक रात्रीच जास्त धावतात.

काकती किंवा हलग्याकडचं हायवेवरचं हॉटेल पार्किंगला सोयीचं. पण मंगल कार्यालय टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागात असेल तर आई-वडिलांना घेऊन दिवसातून दोन-तीनदा ये-जा करणं जिवावर येतं. टिळकवाडीच्या पहिल्या-दुसऱ्या रेल्वे गेटावर फाटक पडलं की अक्षतांची वेळ हुकते. अशा वेळी क्लब रोड, कॉलेज रोडच्या आसपासचं हॉटेल थोडं महाग पडलं तरी तेच घ्या.

आता खोलीत शिरल्यावर. बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं द्या आणि हे काम सामान वर आणणारा मुलगा दारात उभा असतानाच करा.

बाथरूममध्ये गटाराचा वास आला तर लगेच खोली बदलून मागू नका. जमिनीतल्या जाळीखाली पाण्याचा एक थर असतो, तो खालच्या पाईपातला वास अडवतो. खोली काही दिवस बंद राहिली की हे पाणी सुकतं आणि वास वर येतो. जाळीत आणि बेसिनमध्ये अर्धी-अर्धी बादली पाणी ओता, एक्झॉस्ट फॅन लावा. दहा-पंधरा मिनिटांत वास गेला तर प्रश्न मिटला. तरीही राहिला तर पाईपातच दोष आहे, मग खोली बदला. कुबट ओलीचा वास वेगळा. बेळगावचा पाऊस आणि बंद खिडक्या यांमुळे तो कपाटाच्या मागच्या भिंतीतून किंवा कार्पेटमधून येतो आणि रूम फ्रेशनर मारून जात नाही. डिसेंबरात तो कमी असतो, पण कपाट उघडून बघा. वडिलांना दमा असेल तर टाइल्सची खोली आधीच मागून ठेवा.

गरम पाण्याच्या निम्म्या तक्रारी माहितीअभावी होतात. बॉयलर गच्चीवर किंवा तळमजल्यावर असतो, पाईपात रात्रभर थंड झालेलं पाणी आधी बाहेर पडावं लागतं. नळाचा दांडा पूर्ण गरम बाजूला करून दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. पाचव्या मिनिटालाही गार असेल तर फोन लावा. खोलीत स्वतंत्र गीझर असेल तर त्याचा स्विच बाथरूमबाहेर, कधी कपाटाशेजारी सापडतो. तो पंधरा लिटरचा असेल तर एका आंघोळीनंतर पुढच्या माणसानं पंधरा मिनिटं थांबायचं. लग्नाच्या सकाळी सगळा मजला सहा ते आठमध्ये आंघोळीला जातो, तेव्हा ज्येष्ठांची आंघोळ साडेपाचला उरकून घ्या. चेन हॉटेलच्या बाथरूममध्ये बहुधा फक्त शॉवर असतो. बादली, मग, प्लास्टिकचं स्टूल आणि रबरी मॅट हाऊसकीपिंगकडे असतात, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत. फरशी ओली झाली की घसरते, म्हणून मॅट आधी मागा, आंघोळ नंतर.

गादीच्या कडेची शिवण आणि डोक्याकडच्या फळीमागची फट मोबाईलच्या उजेडात बघा. शाईच्या टिपक्यांसारखे काळे ठिपके म्हणजे ढेकूण. तेव्हा मात्र नुसती चादर बदलून घेऊ नका, वेगळ्याच मजल्यावरची खोली मागा. शेजारच्या खोलीत ते आधीच गेलेले असू शकतात. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी जमिनीवरची गादी. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ती उपयोगाची नाही, तेव्हा चाकांचा पलंग आहे का ते आधी विचारा.

ओळखपत्राचं सीमाभागात एक वेगळं दुखणं आहे. काही हॉटेलं ‘लोकल आयडी’ घेत नाहीत. तुम्ही मुंबईचे, तुम्हाला अडचण नाही, पण खानापूर-निपाणीहून येणाऱ्या मामा-मावशीच्या आधारवर बेळगाव जिल्हाच असतो आणि त्यांना काउंटरवरून परत पाठवतात. असा कायदा नाही, तो त्या हॉटेलचा नियम. त्यांच्यासाठी खोली घेणार असाल तर तेही ईमेलवर विचारून ठेवा. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या.

पैशांचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर दाखवून द्या. कुणाला कंपनीच्या नावे बिल हवं असेल तर हे ध्यानात ठेवा: हॉटेल कर्नाटकात, म्हणून कर कर्नाटकाचा लागतो, आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याची वजावट मिळत नाही. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. ‘काढून टाका’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी काढतात, नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव घ्या.

अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर नुसती अडकवली जाते, ती सुटायला काही दिवस लागतात. यूपीआयनं दिली तर खात्यातून जाते आणि परतावा येईपर्यंत मागे लागावं लागतं. रोख दिली तर पावती घ्या.

लग्नाच्या गर्दीत सगळ्यात जास्त भांडणं बिलावरून होतात. रेस्टॉरंटमध्ये कोणीतरी खोली क्रमांक सांगतो आणि जेवण तुमच्या खात्यावर चढतं. यजमान नेमकं काय भरणार, खोली आणि नाश्ता की लाँड्री-जेवणही, हे चेक-इनलाच लेखी करून घ्या. निघण्याच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास बिलाचा कच्चा प्रिंट मागा आणि न पटणाऱ्या रकमेची सही केलेली स्लिप दाखवायला सांगा. सकाळी अकराला काउंटरवर दहा माणसं उभी असताना हे होत नाही.

खोलीत बिघाड निघाला तर राहत असतानाच ड्यूटी मॅनेजरला सांगा आणि फोटो काढा. घरी जाऊन लिहिलेल्या तक्रारीवर माफीचं पत्र येतं, पैसे क्वचितच येतात. हॉटेलात काम करणारी मुलं बहुतेक इथल्याच खेड्यांतली असतात, मराठीत नीट बोललात तर काम लवकर होतं. रिसेप्शनला मराठी येणारा नसला तरी हाऊसकीपिंगमध्ये कोणी ना कोणी सापडतोच.

बुकिंग मात्र आजच पक्कं करा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी डिसेंबरातच बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं. आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार यांनी शहरातल्या खोल्या भरून जातात आणि दर चढतात. अधिवेशनाच्या सुरुवातीला सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी बसेस कधीकधी सीमेवरच थांबवतात. तुमची ट्रॅव्हल्स खासगी असली तरी त्या दिवसाचं तिकीट काढताना रद्द करण्याची सोय असलेलंच काढा, आणि खोलीही फुकट रद्द होणाऱ्या दरानंच घ्या. तो दर थोडा जास्त असतो, पण डिसेंबरात बेळगावसाठी तोच योग्य.