'मडल'ला मराठीत काय म्हणावं? कुटणे, चेचणे, रगडणे आणि उसाची दारू

पुण्याच्या एका वाचकांची विचारणा आहे. ब्राझीलहून आलेली कशासाची, म्हणजे तिथल्या उसाच्या रसाच्या दारूची, बाटली त्यांच्याकडे आहे आणि तिचं अननस-लिंबाचं कॉकटेल त्या घरी करतात. बहिणीसाठी त्यांनी कृती मराठीत लिहून दिली. मूळ इंग्रजी कृतीत लिंबू साखरेबरोबर 'मडल' (muddle) करायला, म्हणजे ग्लासातच दांड्यानं दाबून घ्यायला, सांगितलं होतं, त्याचं त्यांनी 'कुटून घ्या' केलं. बहिणीनं लिंबाच्या फोडी खलबत्त्यात घालून खरोखरच कुटल्या आणि पेय इतकं कडू झालं की ओतून द्यावं लागलं. त्या विचारतात, 'मडल'ला नेमका शब्द कोणता? आणि कशासाला सरळ 'उसाची रम' म्हटलं तर चालेल का?

बहिणीनं वाचलं तेच केलं. 'कुटणे' म्हटलं की मराठी स्वयंपाकघरात वरून घाव घालायचा आणि जिन्नसाची पूड होईपर्यंत थांबायचं नाही. वेलदोडे कुटतात, दाणे कुटतात, त्या दाण्यांचं कूट होतं. लिंबाला हे सोसत नाही. त्याच्या सालीखालचा पांढरा भाग आणि बिया कडू असतात. घाव बसले की तो कडूपणा रसात उतरतो आणि मग कितीही साखर घाला, जात नाही.

'मडल' हे क्रियापद ढोबळ आहे. ग्लासाच्या तळाशी लाकडी दांड्यानं जे काही दाबलं जातं, त्या सगळ्याला ते चालतं, मग ते लिंबू असो, अननस असो की पुदिना. मराठीत मात्र कोणत्या जिन्नसाचं काय करायचं हे क्रियापदातच ठरलेलं असतं. आलं, लसूण आणि मिरची ठेचतात, म्हणजे एकदोन घाव घालून फोडतात, भुगा करत नाहीत. केळं कुस्करतात, आणि तेही हातानं. केशर चमचाभर दुधात खलतात, कारण तिथं ओलावा आणि गोल फिरवणं दोन्ही लागतं. वरण घोटतात, भांगही घोटतात. दोन्हीकडे गुठळी मोडून एकजीव करायचं असतं. चिंच कोळतात, म्हणजे पाण्यात भिजवून बोटांनी तिचा गर सोडवतात, आणि असा जो गर निघतो त्याला कोळ म्हणतात. यातलं एखादं क्रियापद दुसऱ्याच्या जागी घालून पाहा. 'केशर ठेचा' किंवा 'चिंच कुटा' म्हटलं तर कोणतीही सुगरण थबकेल.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की 'मडल'ला एकच प्रतिशब्द शोधू नये. फळ बघून क्रियापद निवडावं.

लिंबाला कोणतं? सरबताच्या सवयीनं आपण 'पिळा' म्हणू, पण पिळण्यानं फक्त रस मिळतो. ब्राझीलच्या कायपिरिन्यात, म्हणजे कशासा, लिंबू आणि साखरेच्या कॉकटेलात, लिंबू सालीसकट ग्लासात घालतात ते सालीतल्या सुगंधी तेलासाठी. हे तेल पिवळ्या-हिरव्या सालीच्या बारीक पुटकुळ्यांत असतं. त्या फुटायला दाब लागतो आणि घर्षण लागतं. साखर फोडींबरोबरच घालतात ती एवढ्याचसाठी, तिचे दाणे सालीवर घासले जातात. दाब आणि घर्षण दोन्ही ज्यात आहे असं आपलं क्रियापद 'रगडणे'. 'वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे आपण लहानपणापासून म्हणत आलो. वाळूतून तेल निघो न निघो, लिंबाच्या सालीतून ते निघतं आणि रगडूनच निघतं. तेव्हा लिहा: 'लिंबाच्या फोडी साखरेबरोबर रगडा.' रगडणं जोराचं वाटत असेल तर जोडीला 'दाबून चारपाच वेळा फिरवा' असं लिहावं. तेवढं पुरतं.

इथं साखरेबद्दलही एक शब्द. पिठीसाखर लवकर विरघळते, पण रगडायला तिचा उपयोग नाही. कृतीत 'दाणेदार साखर' असंच लिहावं, आणि ती दारू ओतण्याआधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्यायला सांगावं. दारूत साखर नीट विरघळत नाही, मग ती तळाशी बसून राहते.

लिंबू कोणतं हेही लिहायला हवं. ब्राझीलमध्ये या पेयाला सहसा जे लिंबू वापरतात ते हिरवं, मोठं आणि जवळपास बिनबियांचं असतं. मंडईत आपल्याला मिळतं ते कागदी लिंबू. साल कागदासारखी पातळ म्हणून हे नाव. पातळ सालीत पांढरा भाग कमी, हा फायदाच, पण बिया पुष्कळ. तेव्हा फोडी करताना बिया आणि मधली पांढरी शीर काढून टाकायला सांगा. बहिणीचा अर्धा त्रास तिथंच संपेल.

अननसाला 'चेचणे' शोभतं. रेषाळ, रसाळ, कडक गोष्ट फोडून रस मोकळा करायचा असतो तेव्हा आपण चेचतो. अननसाला कडवट पांढरी साल आत नाही, त्यामुळे तो बिनधास्त चेचावा. पपई किंवा पिकलेला पेरू घेतला तर 'कुस्करणे', पेरूच्या बिया मात्र गाळून काढायच्या. पॅशन फ्रूट मिळालं तर 'कोळणे'. त्याचा गर बियांना चिकटलेला असतो, तो चिंचेच्या रीतीनंच सुटतो. पुदिन्याला यातलं काहीच नको. पान फाटलं की गवताची कडसर चव येते, म्हणून ते तळव्यांमध्ये ठेवून एक टाळी वाजवायची.

'गाळणे' हा शब्द मात्र जपून वापरावा. आपण चहा गाळतो आणि दारूही गाळतो. पहिल्यात गाळणी आहे, दुसऱ्यात भट्टी. 'ऊर्ध्वपातन' हा शब्द पाठ्यपुस्तकात राहिला, लोक 'गाळणे'च म्हणतात. महाराष्ट्रात घरी दारू गाळणं 1949च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे आणि कृतीत 'उसाचा रस', 'आंबवणे', 'गाळणे' हे शब्द जवळजवळ आले तर वाचणाऱ्याचा भलताच समज होईल. म्हणून 'गाळणीतून गाळून घ्या' असं पूर्ण लिहावं. बाटली विकत आणलेली आहे हेही कृतीत यावं.

आता दुसरा प्रश्न. रम आणि कशासा दोन्ही उसापासून होतात, पण जगातली बहुतेक रम मोलॅसिसपासून होते, म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणाऱ्या दाट काळ्या द्रवापासून. कशासा ताज्या रसापासून होते. ब्राझीलच्या कायद्यात तिचं अल्कोहोल 38 ते 48 टक्के ठरवलेलं आहे आणि हे नाव ब्राझीलमध्ये झालेल्या दारूलाच लावता येतं. रसापासूनची रम नाहीच असं नाही. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावर ती होते आणि 1996पासून तिच्या नावाला फ्रेंच कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे हरियाणात होणारी 'कॅमिकारा' हीसुद्धा रसाची रम आहे, आणि तिच्या नावात आपला संस्कृत 'चामीकर' म्हणजे सोनं लपलेलं आहे. रोमन स्पेलिंग वाचून तो ओळखू येत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'उसाची रम' म्हटल्यानं काहीच वेगळं सांगितलं जात नाही, कारण रम उसाचीच. 'उसाच्या ताज्या रसाची दारू' म्हणा, पहिल्यांदा एवढं सांगून पुढे 'कशासा' लिहा. रमचं वर्णन करताना काही जण 'काकवीपासून' लिहितात, ते टाळावं. काकवी गुऱ्हाळात होते, आपण ती पोळीबरोबर खातो, आणि तिच्यात साखर भरपूर असते. 'मळी' हा शब्द बातम्यांत मोलॅसिससाठी येतो, पण शेतकरी कारखान्याची मळी म्हणतो ती शेतात खत म्हणून टाकायची, म्हणजे प्रेसमड, रस साफ करताना उरणारा गाळ. त्यामुळे 'मोलॅसिस'च लिहावं, ते साखरपट्ट्यात सगळ्यांना कळतं.

कुणी 'शीधु' सुचवील. संस्कृतात उसाच्या रसाच्या मद्याला शीधु म्हणत. चरकसंहितेत उकळलेल्या रसाचा आणि न उकळलेल्या रसाचा असे दोन शीधु वेगळे सांगितले आहेत. गुळाच्या मद्याला 'गौडी' असा शब्द मनुस्मृतीत आहे. एवढी बारीक शब्दसंपत्ती आपल्या परंपरेत होती याचा मला फार आनंद आहे, पण ही आंबवलेली मद्यं, कशासा गाळलेली. शिवाय बहिणीला कृती लगेच कळली पाहिजे.

तेव्हा एका ग्लासाची कृती अशी लिहावी: 'एका कागदी लिंबाच्या आठ फोडी करून बिया आणि पांढरी शीर काढा. जाड बुडाच्या ग्लासात त्या फोडी आणि दोन चमचे दाणेदार साखर घालून लाटण्याच्या टोकानं रगडा. साखर विरघळली की अननसाचे चारपाच तुकडे घालून चेचा. बर्फ भरा, साठ मिली कशासा ओता, खालपासून वर ढवळा.' कशासा नसेल तर पांढरी रम चालेल, कायपिरिन्या हे नाव मात्र मग लावू नये. कंडेन्स्ड मिल्क घालून दाटसर करायचं असेल तर ताज्या अननसाबरोबर ते ठेवून देऊ नका. अननसातल्या पाचक द्रव्यानं दुधातली प्रथिनं तुटतात आणि चव कडू होते, तेव्हा केल्याबरोबर प्यावं.

लिंगाचं विचारलं नाहीत, पण लिहिताना अडेल. रम, व्हिस्की, फेणी या 'दारू'च्या ओढीनं स्त्रीलिंगी झाल्या, तशी कशासाही 'ती'च. पोर्तुगीजमध्येही ती स्त्रीलिंगीच आहे. कॉकटेल 'ते'. म्हणजे 'कशासा ओतली आणि कॉकटेल ढवळलं'. उच्चार करताना जोर मधल्या 'शा'वर द्यावा.