श्वास अडला की तिथेच थांब

नागपूर, वैशाख

प्रिय बेटा,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले, सूज उतरते आहे, पण व्यायामाची वेळ झाली की तू भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस, म्हणाली. रात्री दुखतं म्हणून झोप लागत नाही आणि झोप झाली नाही की सकाळी जास्त दुखतं. फोनवर बोललेलं विरून जातं, म्हणून लिहायला बसले.

मैदानावर मीच तुला दात-ओठ खाऊन पळायला शिकवलं. खो-खोत ते चालतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला मात्र ते चालत नाही, हे मला तुझ्याच वयात कळलं. हुलकावणी देताना माझाही गुडघा फिरला होता. प्लॅस्टर निघून पंधरा दिवस झाले नाहीत तोच एका शिबिरात मला वज्रासनात बसवलं. ‘थोडं सहन कर,’ म्हणाले. मी श्वास कोंडून बसले. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला आणि पुढचे दोन महिने मी लंगडत होते. बसताना श्वास कोंडला, तोच इशारा होता. मी तो ऐकला नाही.

म्हणून तुला एकच खूण देते. कुठलाही व्यायाम करताना श्वास सहज चालू असेल तर पुढे जा. तो अडखळला, धरला गेला, तोंडाने ओढावा लागला, तर दोन बोटं मागे ये आणि तिथेच थांब.

दुखलं की आपण नकळत श्वास धरतो. जबडा आवळतो, खांदे कानाकडे जातात, मांडी ताठ होते. आवळलेला स्नायू आणखी ठणकतो, मग आपण आणखी आवळतो. ही गाठ सोडवायची जागा श्वासात आहे, त्यातही श्वास सोडण्यात. मनगटावर बोटं ठेवून बघ, सावकाश श्वास सोडताना नाडी थोडी मंदावते. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. कळ आली की ते वाढतात आणि छातीतच वरवर चालतात.

सकाळी साडेपाचला, ऊन तापायच्या आत, उताणी झोप. एक हात पोटावर ठेव. नाकाने चार अंक मोजत श्वास घे, हात वर येऊ दे. सहा अंक मोजत सोड. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार कर, ओढाताण नको. पाच मिनिटं पुरे. मग फिजिओने दिलेले व्यायाम याच श्वासावर बसव: मांडी आवळताना श्वास सोड, सैल करताना घे. टाच सरकवत गुडघा वाकवतानाही, जिथे कळ सुरू होते तिथे जोर न लावता तीन लांब श्वास सोड. पुष्कळदा त्यानंतर गुडघा आपणहून थोडा पुढे जातो. नाही गेला तर उद्या बघू.

रात्रीसाठी भ्रामरी. ओठ मिटून, दात किंचित सुटे ठेवून श्वास सोडताना गुंजन कर. कूलरच्या घरघरीत तुझा आवाज कुणाला ऐकूही जाणार नाही. गुडघ्याखाली उशी मात्र घेऊ नकोस. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो, आणि तो पूर्ण सरळ होणं सध्या फार महत्त्वाचं आहे. आणि हो, कूलरच्या पाण्याने फरशी ओली होते. कुबडी तिथेच घसरते.

भेटायला येणारे मांडी घाल, वज्रासन कर, उकिडवी बस, सूर्यनमस्काराने सगळं मोकळं होईल, असं सांगतील. प्रेमानेच सांगतील. चहा दे आणि नाही म्हण. कपालभाती-भस्त्रिकेचीही आता घाई नको. आणि योग करतेस म्हणून दुखण्याची गोळी मनाने बंद करू नकोस. व्यायामाच्या किती आधी घ्यायची ते डॉक्टरांना विचार. श्वासाने लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा तंतू, जुळत नाही. तो तुला व्यायाम करण्याइतकी सैल ठेवतो, झोपू देतो. माझ्या मते तेवढंही खूप आहे.

मला खरी काळजी आजची नाही, दीड-दोन महिन्यांनंतरची आहे. तेव्हा दुखणं जवळजवळ गेलेलं असेल आणि तुला पळावंसं वाटेल. पण नवीन बसवलेला तंतू शरीर आतून पुन्हा घडवत असतं, आणि साधारण त्याच काळात तो सगळ्यात कच्चा असतो. खेळात परतायला बहुतेक डॉक्टर निदान नऊ महिने थांबायला लावतात. म्हणजे दुखणं थांबलं हा परवाना नाही. तोपर्यंत श्वास ओळखायला शिकली असशील तर सावकाश जाणंही जमेल.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंस्था काढली तीच मुळी योगाचे परिणाम उपकरणांनी मोजून बघायला. आपणही मोजू. एक वही कर. व्यायामाआधी आणि नंतर दुखणं दहापैकी किती, झोप किती तास, गुडघा किती वाकला. कौतुक नको, रडगाणं नको, नुसते आकडे. वाईट दिवसाचेही लिही.

पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, अचानक धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर श्वास मोजत बसू नकोस. मध्यरात्र असली तरी थेट दवाखान्यात जायचं.

डॉक्टरांनी मोकळं केलं की रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात तुला घेऊन जाईन. तिथे विनामूल्य शिकवतात. पहिल्याच दिवशी ऑपरेशनचं सांगायचं, मग चटई टाकायची.

रविवारी ऊन उतरलं की येते. वही उशाशी ठेव, निदान चार दिवस तरी भरलेले दिसू देत. आईला म्हणावं, माझ्यासाठी कैरीचं पन्हं करून ठेव.

तुझी,
मॅडम