मशीन मेंटेनन्सचा कोर्स निवडताना

कोर्स तीन महिन्यांचा की सहा, हे नंतर बघ. आधी वर्कशॉप बघून ये. मोटर, पंप, गिअरबॉक्स स्वतः उघडून जोडायला मिळतात का, मुद्दाम बिघाड करून ठेवलेल्या पॅनेलवर फॉल्ट शोधायला लावतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांनाच विचार. नुसत्या फळ्यावरच्या आकृत्या असतील तर फी वाया गेली समज.

पहिल्या दिवसापासून एक सवय अंगात मुरव. मशीनला हात लावण्याआधी सप्लाय बंद, आयसोलेटरला (मशीनचा सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप आणि टॅग, चावी स्वतःच्या खिशात. मग टेस्टर आधी चालू सप्लायवर तपास, मशीनवर लाव, पुन्हा चालू सप्लायवर तपास. बिघडलेला टेस्टर जिवंत लाइनवरही शून्य दाखवू शकतो. हायड्रॉलिक लाइनमधलं प्रेशर आणि कपॅसिटरमधला चार्ज सप्लाय तोडल्यावरही शिल्लक असू शकतो, तोही काढायचा. इथे घाई करायला सांगणाऱ्याचं ऐकू नकोस, तो कितीही सीनियर असो.

बेअरिंग बदलणं लवकर जमेल. ते का गेलं हे शोधायला शीक: कपलिंगचं अलाइनमेंट (जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का), कमी किंवा जास्त ग्रीस, आत शिरलेली धूळ. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, नंतरही शिकता येईल. आधी वायरिंग डायग्राम न अडखळता वाचता आला पाहिजे.