तासाला एकच पॅकेट पाठवणाऱ्या नोडची बॅटरी आठवडाभरही का टिकत नाही?

आपण विचारले आहे की अंबड तालुक्यातल्या मोसंबीच्या बागेत जमिनीतील ओल मोजणारे टेलॉसबी नोड (रेडिओ असलेली छोटी बॅटरीवरची यंत्रे) बसवले, ते एकमेकांमार्फत माहिती विहिरीजवळच्या गेटवेपर्यंत (सर्वांची माहिती गोळा करणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचवतात, प्रत्येक नोड स्वतःचे एकच पॅकेट तासाला पाठवतो, ट्रान्समिट पॉवरही कमी करून झाली, तरी दोन एए सेल पाच-सहा दिवसांत का संपतात आणि चॅनेल अ‍ॅक्सेसची कोणती पद्धत (मॅक, म्हणजे सामाईक रेडिओ-वाहिनी कोणी केव्हा वापरायची याचा नियम) घ्यावी. मी वाळूजला एम्बेडेड यंत्रणांवर काम करतो आणि हा विषय माझ्या रोजच्या कामाचा असल्याने जरा सविस्तर लिहितो.

आपली बॅटरी पॅकेट पाठवण्यात जवळजवळ खर्चच होत नाही. ती चॅनेल ऐकत बसण्यात संपते. टेलॉसबीवरील सीसी2420 हा रेडिओ पूर्ण शक्तीने पाठवताना 17.4 मिलिअँपिअर प्रवाह घेतो आणि नुसता ऐकत असताना 18.8 मिलिअँपिअर, म्हणजे ऐकणे हे बोलण्यापेक्षा किंचित महागच आहे. चाळीसएक बाइटांचे पॅकेट 250 किलोबिट प्रतिसेकंद वेगाने दीड मिलिसेकंदात निघून जाते. तासातला उरलेला सगळा वेळ रेडिओ शेजारच्या नोडचे पॅकेट येईल म्हणून कान लावून असतो. 2500 मिलिअँपिअर-तास क्षमतेला 18.8 ने भागल्यास सुमारे 133 तास येतात, म्हणजे साडेपाच दिवस, आणि आपला अनुभवही तोच आहे. ट्रान्समिट पॉवर कमी करून फरक पडला नाही तो याचसाठी. शेतीच्या फीडरला वीज कधी येईल ते ठाऊक नसल्यामुळे स्टार्टरशेजारी रात्रभर जागणाऱ्या शेतकऱ्यासारखी या रेडिओची अवस्था आहे.

वेई ये, जॉन हायडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी 2002 मध्ये एस-मॅक ही पद्धत मांडताना ऊर्जेच्या अपव्ययाची चार कारणे सांगितली होती: पॅकेटांची टक्कर, दुसऱ्यासाठीचे पॅकेट ऐकणे, नियंत्रण-पॅकेटांचा भार आणि हे रिकामे ऐकणे. त्यांचा उपाय असा की शेजारच्या सर्व नोडांनी एकाच वेळी जागे व्हायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि एकाच वेळी झोपायचे. कल्पना सरळ आहे, मात्र तिला सर्वांची घड्याळे जुळलेली लागतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात नेमके तेच अवघड जाते. नोडमधील घड्याळ चालवणारे 32 किलोहर्ट्झचे क्रिस्टल 25 अंश सेल्सिअसच्या आसपास अचूक चालते. तापमान तिथून जितके दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ते मंद होते आणि हा गुणांक साधारणपणे दर अंशवर्गाला दशलक्षात 0.034 इतका असतो. मे महिन्यात उघड्या बांधावरच्या बंद डबीत 60 अंश झाले असतील आणि झाडाखालच्या डबीत 40 अंश असतील, तर पहिले घड्याळ दशलक्षात सुमारे 42 ने मागे पडेल आणि दुसरे जेमतेम 8 ने. दोघांत तासाभरात सुमारे 120 मिलिसेकंदांचे अंतर पडते, तेही दीड मिलिसेकंदाच्या पॅकेटसाठी. हे अंतर भरून काढायला एकतर लवकर उठून ऐकत बसावे लागते किंवा मधूनमधून घड्याळे जुळवणारी पॅकेटे पाठवावी लागतात. टीएससीएच ही 2012 च्या 802.15.4ई या कमी ऊर्जेच्या रेडिओंसाठीच्या मानकातली, ठरलेल्या वेळीच बोलण्याची पद्धत हे काम काटेकोरपणे करते आणि रहदारी भरपूर असेल तिथे मी तीच निवडेन, परंतु तासाला एक पॅकेट असलेल्या बागेत घड्याळ जुळवणारी पॅकेटे मूळ माहितीपेक्षा जास्त होतील.

म्हणून आपल्यासाठी घड्याळ न जुळवता चालणारी पद्धत बरी. 2004 मधील बी-मॅकमध्ये प्रत्येक नोड ठरावीक अंतराने क्षणभर उठून चॅनेलवर ऊर्जा आहे का एवढेच तपासतो आणि नसेल तर लगेच झोपतो. पाठवणारा मात्र त्या अंतराइतका लांब प्रिअँबल (पॅकेटआधीचा इशारा) सोडतो, जेणेकरून समोरचा कधीही उठला तरी त्याला तो ऐकू येईल. इथे खर्च ऐकणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे सरकतो आणि किती सरकवायचा हे आपल्या हाती असते. एका तपासणीला अडीच मिलिसेकंद धरू. दर सेकंदाला तपासल्यास तासात 9 सेकंद तपासणीत जातात आणि एका पॅकेटच्या प्रिअँबलला 1 सेकंद, एकूण 10. तेच अंतर 3 सेकंद केले तर तपासणी 3 सेकंद आणि प्रिअँबल 3 सेकंद, एकूण 6. त्याहून वाढवल्यास बेरीज पुन्हा चढू लागते. परंतु हे हिशेब बागेच्या टोकावरच्या नोडचे झाले. मधल्या ज्या नोडला तासाला दहा पॅकेटे पुढे द्यावी लागतात, त्याला 3 सेकंदांच्या अंतरावर एकूण 33 सेकंद लागतील आणि 1 सेकंदावर 19, शिवाय येणारी पॅकेटे घेण्याचा खर्च वेगळा. अंतर नेहमी या मधल्या नोडकडे पाहून ठरवावे, कारण तो संपला की त्याच्या पलीकडची सगळी बाग मुकी होते.

लांब प्रिअँबलचा दोष असा की शेजारचे सर्व नोड तो शेवटपर्यंत ऐकतात आणि मग त्यांना कळते की पॅकेट आपले नव्हते. 2006 च्या एक्स-मॅकने प्रिअँबलचे छोटे तुकडे केले आणि प्रत्येकात ज्याच्यासाठी पॅकेट आहे त्याचा पत्ता घातला. ज्याचा पत्ता नाही तो पुन्हा झोपतो आणि ज्याचा आहे तो तुकड्यांमधल्या फटीत उत्तर देऊन प्रिअँबल तिथेच थांबवतो, त्यामुळे पाठवणाऱ्याचाही सरासरी निम्मा वेळ वाचतो. आपण नोडवर कॉन्टिकी ही कार्यप्रणाली वापरत असाल तर अ‍ॅडम डंकेल्स यांचे 2011 मधील कॉन्टिकीमॅक याच वाटेने गेलेले आहे आणि मी तेच सुचवीन. आपला गेटवे सौर पॅनेलवर सतत जागा राहणार असेल तर त्याच्या शेजारच्या नोडांनी त्याला थेट पॅकेट पाठवावे, कारण जो झोपतच नाही त्याला उठवण्यासाठी काहीही खर्च करण्याचे कारण नाही.

टकरींविषयी थोडक्यात. सर्व नोड तासाच्या ठोक्यालाच मोजमाप घेऊन पाठवत असतील तर तासभर रिकामे असलेले चॅनेल त्याच क्षणी तुंबते. प्रत्येक नोडला काही मिनिटांचा यादृच्छिक विलंब द्यावा, ओल इतक्या झपाट्याने बदलत नाही. बागेच्या दोन टोकांचे नोड एकमेकांना ऐकू येत नसूनही मधल्या नोडवर आदळतात आणि पाठवण्यापूर्वी चॅनेल ऐकून ही टक्कर टळत नाही. वाय-फायप्रमाणे आधी परवानगी मागणारी पॅकेटे पाठवणे इथे परवडत नाही, कारण आपले मूळ पॅकेटच त्यांच्याहून फारसे मोठे नाही. पोच न आल्यास थोडे थांबून पुन्हा पाठवणे पुरेसे आहे.

बदल केल्यावर सेल संपण्याची वाट पाहू नका. बॅटरीच्या मालिकेत 10 ओहमचा रोध लावून त्यावरचा दाब ऑसिलोस्कोपवर पाहा: रेडिओ ऐकत असताना सुमारे 0.2 व्होल्ट दिसतील आणि दोन तपासण्यांच्या मधे रेषा शून्याला टेकली पाहिजे. ती 4 मिलिव्होल्टच्या आसपास अडकत असेल तर ड्रायव्हर (रेडिओ हाताळणारा प्रोग्रॅम) रेडिओला पूर्ण बंद न करता आयडल (चालू पण निष्क्रिय) अवस्थेत सोडतो आहे. त्या अवस्थेत सीसी2420 चा प्रवाह 426 मायक्रोअँपिअर असतो आणि मॅक कितीही चांगला असला तरी एवढ्यानेच आठ महिन्यांत सेल रिकामे होतील.