आधी कार्ट, मग फॉर्म्युला

भो, जळगावात बसून फॉर्म्युला कारची स्वप्नं बघतोस, चांगलंय. पण आधी कार्टिंग कर, म्हणजे छोट्या, उघड्या रेस गाडीवर (कार्टवर) सराव. एफ-४ (फॉर्म्युला ४, म्हणजे फॉर्म्युला गाड्यांच्या रेसिंगची सुरुवातीची पायरी) साठी किमान वय 15 लागतं. तोवर ब्रेक कधी सोडायचा, वळणावर लाइन (गाडी न्यायचा वेगवान मार्ग) कशी धरायची, हे कार्टमध्येच अंगवळणी पडतं. मग कोइंबतूरच्या करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर होणारी एलजीबी फॉर्म्युला ४ ही देशी रेस मालिका बघ. तिच्या गाड्यांना मारुती स्विफ्टचं इंजिन असतं, म्हणून खर्च त्यातल्या त्यात आवाक्यात. तरी टायर अन् प्रवास खिसा रिकामा करतातच, बाबांना आत्ताच सांगून ठेव! मानेचा व्यायाम रोज कर, वळणांवर हेल्मेटचं वजन मानेवरच येतं. आणि धुळ्याच्या हायवेवर 'प्रॅक्टिस' अजिबात नको.