ब्रोकर बदलताना ऑर्डरचा मार्ग पाहावा की मिळालेला भाव?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय असा : अमेरिकेतील एका ब्रोकरकडे आपले सुमारे 80,000 डॉलरचे खाते असून तो शेअर किंवा ऑप्शन (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क देणारा करार), कशावरच दलाली घेत नाही. दरमहा 1,000 डॉलर व्यापक निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये (शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडात) जातात, क्वचित एखाद्या लहान कंपनीचे शेअर घेतले जातात आणि महिन्याला साधारण दहा ऑप्शन कॉन्ट्रॅक्टचे व्यवहार होतात. हा ब्रोकर आपल्या ऑर्डरी मार्केट मेकरकडे (स्वतः भाव देऊन खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापारी कंपनीकडे) वळवून त्याबद्दल मोबदला घेतो असे कळल्यामुळे, असा मोबदला न घेणाऱ्या ब्रोकरकडे सगळे खाते हलवावे काय, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते सगळे खाते हलवण्याचे कारण दिसत नाही. ऑप्शनचे व्यवहार मात्र दुसरीकडे करून पाहण्याजोगे आहेत.

आपली शंका निराधार नाही. डिसेंबर 2020 मध्ये रॉबिनहूड या ब्रोकरला याच बाबतीत सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन या अमेरिकी बाजार-नियामक संस्थेला 6.5 कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. दलाली वाचल्याचा हिशेब धरूनही निकृष्ट भावांमुळे ग्राहकांचे 3.41 कोटी डॉलरचे नुकसान झाले, असे कमिशनच्या आदेशात नमूद आहे. तरीही मोबदला घेणारा ब्रोकर वाईट आणि न घेणारा चांगला, एवढ्यावर निवड करता येत नाही. श्वार्ट्झ, बार्बर, ओडीन हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खात्यांतून एकाच वेळी सारख्याच, अशा सुमारे 85,000 मार्केट ऑर्डरी (मिळेल त्या भावाने लगेच पुऱ्या करायच्या ऑर्डरी) टाकून पाहिल्या, तेव्हा खरेदी-विक्रीच्या एका फेरीचा खर्च खात्यागणिक 0.07 टक्क्यापासून 0.46 टक्क्यापर्यंत बदलत गेला. पण त्या तफावतीचा उलगडा मोबदल्याच्या आकड्यांवरून होईना. एकच मार्केट मेकर वेगवेगळ्या ब्रोकरांच्या ग्राहकांना वेगवेगळा भाव देत होता. मोबदला न घेणारे ब्रोकरही पुष्कळदा त्याच मार्केट मेकरांकडे ऑर्डरी पाठवतात, तेव्हा ऑर्डर कोणत्या वाटेने गेली यापेक्षा ती कोणत्या भावाने पुरी झाली हे पाहणे अधिक उपयोगाचे.

तो भाव मोजायची रीत सोपी आहे. समजा ऑर्डर टाकतेवेळी बिड (घेणाऱ्याने देऊ केलेला भाव) 50.00 आणि आस्क (विकणाऱ्याने मागितलेला भाव) 50.06 डॉलर आहे; या दोहोंतील अंतराला स्प्रेड म्हणतात, म्हणजे मध्य 50.03, आणि आपली खरेदी 50.045 ला झाली. मध्यापासूनचे अंतर दीड सेंट. त्याची दुप्पट, म्हणजे 3 सेंट, हा आपण प्रत्यक्षात सोसलेला स्प्रेड. बाजारात दिसणारा स्प्रेड 6 सेंटचा होता, म्हणून गुणोत्तर 50 टक्के. हे गुणोत्तर जितके कमी तितकी ऑर्डरची पूर्तता चांगली. ब्रोकरच्या जाहिरातीत मात्र बहुधा ‘दर ऑर्डरमागे सरासरी बचत’ असा डॉलरमधला आकडा असतो. ऑर्डर मोठी असली किंवा शेअरचा स्प्रेडच रुंद असला की तो आपोआप फुगतो, त्यामुळे दोन ब्रोकरांचे असे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

आता हे आपल्या व्यवहारांना लावून पाहू. ईटीएफचा भाव 500 डॉलर आणि स्प्रेड एका सेंटचा धरला, तर महिन्याच्या दोन युनिटांवर अर्धा स्प्रेड पुरता गमावला तरी एक सेंट जातो. वर्षाकाठी बारा सेंट. एवढ्यासाठी खाते हलवण्याचा खटाटोप करू नये. लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये स्प्रेड रुंद असतो खरा, पण तिथे मार्केट ऑर्डर सोडून लिमिट ऑर्डर (आपण ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावानेच पुरी होणारी) टाकली आणि बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे टाळली, तर ब्रोकर न बदलताही बराच फरक पडेल.

ऑप्शनचे गणित वेगळे आहे. एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे 100 शेअर, आणि स्प्रेड सहज दहा सेंटचा असू शकतो. भावात दोन सेंटचा जरी फरक पडला तरी दहा कॉन्ट्रॅक्टवर महिन्याला 20 डॉलर होतात. त्यातून नवा ब्रोकर कॉन्ट्रॅक्टमागे 65 सेंट आकारत असेल, तर साडेसहा डॉलर वजा करावे लागतील. शिवाय शेअरवर मोबदला न घेणारे काही ब्रोकर ऑप्शनवर तो घेतात. म्हणून कमिशनच्या नियम 606 खाली प्रत्येक ब्रोकर दर तिमाहीला जो अहवाल प्रसिद्ध करतो, त्यातील ऑप्शनचा विभाग अवश्य वाचावा. ऑर्डरी कोठे गेल्या आणि त्याबद्दल किती मोबदला मिळाला हे त्यात असते. आपल्या स्वतःच्या ऑर्डरींचा मागील सहा महिन्यांचा तपशीलही याच नियमाने मागता येतो. भावाच्या दर्जाची आकडेवारी नियम 605 च्या अहवालांत असते, आणि 2024 च्या दुरुस्तीने एक लाख किंवा अधिक ग्राहक असलेल्या ब्रोकरांनाही तो नियम लागू करण्याचे ठरले आहे. पण त्यात ऑप्शन येतच नाहीत.

त्यामुळे ऑप्शनची परीक्षा आपणच घ्यायला हवी. दुसरीकडे लहानसे खाते उघडून दोन-तीन महिने एकाच कॉन्ट्रॅक्टच्या ऑर्डरी दोन्ही खात्यांतून एकाच वेळी टाकाव्यात. वेळ, बिड, आस्क आणि मिळालेला भाव लिहून ठेवावा. मध्यावर लावलेल्या लिमिट ऑर्डरीत फरक भावापेक्षा ऑर्डर पुरी झाली की नाही, यातच अधिक दिसेल. तेव्हा तीही नोंद हवी.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगतो. खात्यात 12,000 डॉलर रोख पडून आहेत असे आपण लिहिले आहे. त्यावरील व्याजात दोन ब्रोकरांमध्ये 3 टक्क्यांचा फरक असेल तर वर्षाला 360 डॉलर होतात, म्हणजे वरच्या सगळ्या सेंटांहून अधिक. तो दर आधी पाहावा.

आणि एवढे करूनही खाते हलवायचे ठरलेच, तर शेअर न विकता जसेच्या तसे वर्ग करण्याची सूचना द्यावी. अपूर्णांकातील शेअर सहसा वर्ग होत नाहीत; ते विकले जातात आणि खाते करपात्र असल्यास तेवढ्या नफ्यावर कर लागतो. दरमहा ठरावीक रकमेची खरेदी असल्याने आपल्याकडे असे तुकडे असणार, ते किती आहेत हे अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.